चौगुले सरांचं सुट्टीतलं वाचन

कृष्णात चौगुले सर गारगोटीच्या आमच्या वाचनालयात वर्षातून एकदाच येतात, मे महिन्याची सुट्टी लागली की दुसऱ्या दिवशी. हायस्कूलला मराठी शिकवतात. "वर्षभर पेपर तपासून डोळं गेलं बघा मॅडम. आता जरा मनासारखं वाचायचं," हे वाक्य मी अकरा वर्षं त्यांच्या तोंडून ऐकते आहे. दहा पुस्तकं न्यायची आणि शाळा उघडताना परत आणायची, हा शिरस्ता. एका वर्षी माझंच एसटीचं तिकीट त्यांनी नेलेल्या एका पुस्तकात पान बारावर राहिलं होतं. जूनमध्ये ते पान बारावरच सापडलं.

तरी गावात ते 'वाचनवेडे सर'. पोरांच्या हातातल्या मोबाईलवर त्यांचं भाषण ऐकावं, रडू येईल. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, दुसरं काय. मी हे तोंडावर कधी बोलले नाही, कारण सर वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहेत आणि मी भित्री आहे.

यंदा ते आले ते मोजपट्टी घेऊन. मुलीला बघायला पाहुणे येणार होते, म्हणून हॉलमध्ये नवं शोकेस करून घेतलं होतं. "पावणं शिकलेलं हायत मॅडम. एकसारख्या उंचीची द्या, पाठीवर सोनेरी अक्षरं असलेली." मी मुकाट्यानं काढून दिली. त्यात एका कादंबरीचा दुसरा भाग होता. पहिला भाग त्यांनी नाकारला, कारण लोकांनी वाचून वाचून त्याची पाठ निघाली होती. पहिल्याशिवाय दुसरा कसा वाचणार, एवढंही या मराठीच्या मास्तराच्या डोक्यात आलं नाही.

आणि तो दुसरा भाग मी ताजबीसाठी बाजूला ठेवायला हवा होता.

ताजबी त्याच शाळेत पोरांची खिचडी शिजवते. सातवी शिकलेली. शाळा चालू असताना दिवसभर चुलीपुढं उभी, घरी गेली की जेवता जेवता डोळे मिटतात. त्यामुळं तिचं वाचन दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीत. दिवाळीत तिनं पहिला भाग संपवला. नवऱ्याला विष घातल्याचा आळ आलेली बाई कोर्टात उभी राहते, निकाल सांगायला न्यायाधीश चष्मा पुसतो आणि भाग संपतो. तेव्हापासून सहा महिने खिचडी ढवळताना ताजबीच्या डोक्यात तो चष्मा.

यंदा मे महिनाभर ती कोल्हापुरात लेकीच्या बाळंतपणाला होती. जूनच्या पहिल्या आठवड्यात परत आली ती थेट वाचनालयातच. "बाई, सुटली का वो ती?"

मी सांगू शकले असते. पण तिनं लगेच हात वर केला. "नगं सांगू. माझं मी वाचतो."

पुस्तक सरांकडं आहे म्हटल्यावर ती एकटीच त्यांच्या दारात गेली. "पावणं येऊन जाऊ देत," असं उत्तर मिळालं. पाहुण्यांची तारीख दोनदा पुढं गेली होती. शाळा पंधराला उघडणार होती, आणि मग पुस्तक मिळूनही उपयोग नव्हता, ते दिवाळीवर गेलं असतं. अकरा तारखेला माझं डोकं फिरलं. कार्यकारिणी गेली खड्ड्यात म्हणत मी ताजबीला घेऊन सरांच्या घरी गेले.

सर पायजम्यावर मोबाईल बघत बसले होते. "अवो, वाचाय लागलोय की मी ते. निम्मं झालंय," म्हणाले.

"निम्म्यात काय झालंय सर?" ताजबीनं विचारलं. खोचून नाही, खरोखरच उत्सुकतेनं.

सर उठले आणि शोकेसची काच सरकवून पुस्तक ओढायला लागले. ते हलेना. जोर लावला तर अख्खी रांगच कुरकुरली. शोकेस करणाऱ्या गुंडू सुतारानं दहाही पुस्तकं खाली डिंक लावून फळीला पक्की बसवून टाकली होती. सरांनी त्याला सांगितलंच होतं तसं, एक पण तिरकं दिसाय नगं. सुताराला मी दोष देत नाही, त्यानं गिऱ्हाईक बरोबर ओळखलं. महिनाभर सर त्या शोकेससमोर बसून होते आणि पुस्तकं चिकटलीत हे त्यांना आत्ता, आमच्यादेखत कळत होतं. मला त्यांची लाज वाटली, मग हसू आलं, मग फक्त किळस आली.

ताजबीनं आत जाऊन सरांच्या बायकोकडून उलथणं मागून आणलं. करपलेली खिचडी पातेल्याच्या बुडाला न दुखावता कशी काढायची हे तिला ठाऊक होतं, तसंच तिनं उलथणं पुस्तकाखाली सारत नेलं. खालच्या पुठ्ठ्याचा पापुद्रा फळीला राहिला. पानं शाबूत निघाली. तिनं पदरानं पुसून पुस्तक काखेत घेतलं. चार दिवस उरले होते.

बाकीची नऊ सोडवायचं मी नंतर बघेन म्हटलं. सरांचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. रांगेत मध्येच पडलेल्या खिंडाराकडं ते बघत होते. "आणि पावण्यांनी इचारलं तर? हितलं पुस्तक कुठं गेलं म्हणून?"

"ताजबीनं वाचाय न्हेलंय म्हणून सांगा की," ती म्हणाली आणि चपला घालायला बाहेर गेली.

सरांनी टीपॉयवरची प्लास्टिकच्या फुलांची बरणी उचलली आणि त्या खिंडारात ठेवून बघितली. मग दोन पावलं मागं सरकून म्हणाले, "हे बरं दिसतंय उलट."