अकरावं प्रकरण

कुसाबाई छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायची. रविवार कारंजामागच्या बोळातल्या त्या छापखान्यात लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, जत्रेची पत्रकं असंच काम यायचं. कादंबरी पहिल्यांदा आली ती चौऱ्याण्णव साली. लिहिणारे गेणू पगार ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले. जग जळून गेल्यावर उरलेली सात माणसं कोरड्या धरणातून पाणी शोधत चालतात, अशी ती गोष्ट.

अकराव्या प्रकरणात कुसाबाईचा हात थांबला. सातांतल्या एका बाईचा पाय भाजलेला, तिला चालवेना. बाकीच्यांनी तिची पाण्याची बाटली काढून घेतली आणि ते पुढं निघाले.

दुसऱ्या दिवशी पगार प्रुफं न्यायला आले. ती म्हणाली, "काका, रागवू नका. पण एकालाबी मागं वळावंसं वाटलं नाय?"

"जगच संपलंय, बाई. दया कुठून उरणार?"

कुसाबाईनं हातातले खिळे खाली ठेवले. बहात्तरच्या दुष्काळात पेठकडून कामाच्या शोधात सगळे पायी निघाले होते. ती तेव्हा अकरा वर्षांची. आई तापानं फणफणलेली, वाटेतच पडली. गावची माणसं घुटमळली, मग माना खाली घालून चालू लागली.

"त्यांना तरी काय बोलू? त्यांचीबी पोरं होती. पण अक्काबाई म्हणून एक होती, ती थांबली. आमच्या नात्याची ना गोत्याची. तांब्यात दोन घोट होते, ते तिनं आईला पाजले. आई सांजच्याला गेली. तवर तिचं डोकं अक्काबाईच्या मांडीवर होतं."

पगार प्रुफं न घेताच गेले.

आठ-दहा दिवसांनी नवी पानं घेऊन आले, तेव्हा दाढी वाढलेली होती.

"वाचवता नाही आलं तिला," ते हळू आवाजात म्हणाले. "खूप खटपट केली, पण खोटं वाटत होतं. मात्र एक जण थांबतो. ती जाईपर्यंत."

"मग लय झालं, काका."

ती पानं तिनं त्याच दिवशी जुळवली. मध्येच एकदा उठून तोंड धुऊन आली.

पुस्तक फारसं खपलं नाही. पुढं छापखान्यात संगणक आला, खिळे वितळवायला गेले आणि चाळिशीत कुसाबाई टायपिंग शिकली. पगार वारल्यावर त्यांच्या बायकोनं तिला एक प्रत आणून दिली. कुसाबाई अधूनमधून अकरावं प्रकरण काढून वाचते. बारावं, तो थांबलेला माणूस मग एकटाच चालत जातो ते, तिच्यानं अजून वाचवत नाही.