सावलीबाई आणि काकांची भिंत

आमच्या ताईला ऑफिसात सावलीबाई म्हणतात. उपग्रहाने काढलेले फोटो बघून नकाशे करायचे, हे तिचं काम. वरून सगळं चपटंच दिसतं, म्हणून सावली मोजून ती इमारतीची उंची काढते. वीस वर्षं तेच. जेवताना पेल्याचीसुद्धा सावली बघते, आता काय बोलायचं!

बाबा गेले आणि वर्षभरात काकांनी अंगणात भिंत घातली. विहीर पलीकडे, आम्ही अलीकडे. आईने हात जोडले, "भावोजी, निदान पाणी तरी भरू द्या."

"भिंत दादानेच बांधलीय, वहिनी. विसरलात?" असं म्हणून काकांनी तिच्या तोंडावर दार लावलं. साठीतली आमची आई रस्त्यावरच्या नळावरून बादल्या वाहायला लागली. मी काकांच्या अंगावर धावूनच गेलो होतो, पण ताईने मागे ओढलं. म्हणाली, "याला मी बघते."

आम्ही दावा लावला. काकांनी पुरावा म्हणून उपग्रहाचा फोटो दिला, बाबा हयात असतानाचा, आणि त्यात भिंत, सावलीसकट! आमचे वकील गार पडले. ताईने फोटो नीट पाहिला आणि चक्क हसली.

"हा खोटा आहे. पण इतक्यात बोलू नका. आधी काकांना शपथेवर खरा म्हणू द्या. मला नुसती भिंत नकोय, काका हवेत."

काकांनी छाती फुगवून शपथ घेतली. मग साक्षीला ताई उभी राहिली.

"साहेब, हा उपग्रह आपल्यावरून सकाळी साडेदहाला जातो. झाडाची सावली पश्चिमेला, टाकीचीही पश्चिमेला. एकट्या भिंतीची पूर्वेला कशी? काकांसाठी सूर्य वेगळा उगवतो का?"

तिने मूळ फोटोही मागवून ठेवला होता. त्यात भिंतच नव्हती. काकांच्या जावयाने स्टुडिओत बसून ती रंगवली होती. काकांचा चेहरा असा उतरला, की माझा आत्मा थंड झाला. हो, झाला! खोटं कशाला बोलू?

भिंत पाडायचा हुकूम झाला आणि खोट्या पुराव्याबद्दल काकांवर खटला उभा राहिला. तेव्हा कुठे ते आमच्या दारात आले, घामाघूम.

"पोरी, रक्ताचं नातं आहे गं. यातून सोडव मला." घशाला कोरड पडली होती. "आधी जरा पाणी दे."

"नळ रस्त्यावर आहे, काका," ताई म्हणाली.

त्यांनी आशेने आईकडे पाहिलं. आई उठली. मला वाटलं, ही आता पेला भरणार.

तिने दार लावून घेतलं.