स्पॅनिश सरांची दुभाषी

आमच्या निवासी शाळेत स्पेनचे सर आले, तेव्हा मला तिथे खेळाची शिक्षिका होऊन सहा वर्षं झाली होती. शाळा शहापूरपासून आत, शेणव्याच्या रस्त्याला. मुलींचा फुटबॉल संघ उभा करायला संस्थेने त्यांना करारावर आणलं होतं. मराठी त्यांना येत नव्हतं, हिंदी चार शब्द, इंग्रजी मोडकंतोडकं. माझंही इंग्रजी तसंच. पण आमचं मोडकं एकमेकांना कळायचं, म्हणून मला त्यांच्यासोबत मैदानावर उभं केलं. ते बोलायचे ते मी मुलींना सांगायचे, मुली बोलायच्या ते त्यांना.

सर पन्नाशी उलटलेले, ठेंगणे, उन्हाने लालबुंद झालेले. सामन्यांसाठी आम्ही जीपने मुरबाडला जायचो, तेव्हा ते स्वतःविषयी थोडंथोडं सांगायचे. वडील बंदरावर मासळीच्या कारखान्यात कामाला. स्वतः एका लहान क्लबात बचावाला खेळले आणि तिशीच्या आतच थांबले. मग बारा वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली सहायक. मुख्य प्रशिक्षक एकदाच झाले मोठ्या क्लबाचे, तेही अकरा सामन्यांपुरते. अंगात ताप असलेल्या खेळाडूला उतरव असं मालकाने सांगितलं, यांनी नाही म्हटलं. तिथून बाहेर पडले ते पाच देश फिरले. कुठे दोन वर्षं, कुठे एक हंगाम.

"कामावरून काढताना कुणी ओरडत नाही," ते म्हणाले होते. "सगळे हसून हात मिळवतात. त्या दिवशी मी कपाटावरची बॅग खाली काढतो."

जानेवारीत संस्थेच्या सचिवांनी आम्हाला ऑफिसात बोलावलं. म्हणाले, "मुरबाडची फायनल जिंकली तर सर पुढच्या वर्षी राहतील. नाय तर मार्चला थांबू. संघाचंही मग बघावं लागेल." मी ते इंग्रजीत सांगितलं. सचिव हसले आणि त्यांनी हात पुढे केला. सरांनी तो हातात घेतला, पण पाहिलं माझ्याकडे.

संघाचंही बघावं लागेल, या वाक्याने मला त्या आठवड्यात नीट जेवू दिलं नाही. पाड्यांवरच्या या मुली. संघ मोडला तर दोघी-तिघींची शाळा तिथेच सुटणार, हे मला दिसत होतं. आणि खरं सांगायचं तर मला माझंही दिसत होतं. सरांसोबतच्या दीड वर्षात मी जे शिकले होते, ते मला पदवीने शिकवलं नव्हतं.

फायनल दुपारी होती. मैदान लाल मातीचं, चुन्याच्या रेघा फिकट झालेल्या. आमची आघाडीची मुलगी टोकावड्याच्या पलीकडच्या पाड्यावरची. तिच्यासारखी धावणारी पोर दोन्ही तालुक्यांत नव्हती. तिचा बाप पहिल्यांदाच तिचा खेळ बघायला आला होता. सकाळची एसटी पकडून, पांढरा सदरा घालून तो गोलखांबाच्या मागे एकटाच उभा होता.

पहिला हाफ कोरा गेला. समोरचा संघ दांडगा होता. आमच्या आघाडीच्या मुलीला दोनदा पाडलं. दुसऱ्यांदा तिला उठायला वेळ लागला.

मध्यंतरात मुली सावलीला बसल्या. सरांनी एकेकीला काय करायचं ते सांगितलं, मी मराठीत सांगत गेले. मग ते तिच्यासमोर उकिडवे बसले आणि त्यांनी विचारलं, "पाय कसा आहे?"

मी तिला विचारलं. तिने खाली मान घालून हळूच सांगितलं, "बाई, गुडघ्यात कळ येते. वळताना पाय सुटल्यागत होतो."

सर माझ्या तोंडाकडे बघत होते. पंच घड्याळ बघत मैदानाकडे निघाला होता. एवढी एकच मुलगी होती जी गोल करू शकत होती, आणि बाहेर काढलेल्या मुलीला परत आत घेता येत नव्हतं.

मी म्हटलं, "थोडं खरचटलंय. खेळते म्हणते."

सरांनी मान डोलावली, तिच्या खांद्यावर थोपटलं आणि उठले. तिने माझ्याकडे पाहिलं. मोजा वर ओढला आणि आत गेली.

दुसरा हाफ सुरू झाला तेव्हा मी चेंडूकडे बघतच नव्हते. मी तिच्या उजव्या पायाकडे बघत होते. सरळ धावताना काही कळत नव्हतं, पण वळायची वेळ आली की ती आधी थांबायची, मग वळायची. एकदा चेंडू तिच्याजवळ आला, समोर फक्त गोलकीपर होती. तिने पाय टाकला आणि तो आत वाकला. चेंडू बाहेर गेला. लोकांनी हळहळ केली. गोलखांबामागे तिचा बाप काहीच न कळून उभा होता. लोक का हळहळले ते तो शेजारच्याला विचारत होता.

सर पुटपुटले, "आज हिला काय झालंय?" हा प्रश्न मला नव्हता. पण त्यांच्या बोलण्याला उत्तर द्यायला तिथे माझ्याशिवाय कुणी नव्हतंही.

माझ्या हातात पाण्याची बाटली होती. ती मी इतकी दाबली होती की झाकण उडून पाणी साडीवर सांडलं. मैदानात ती मुलगी पुन्हा धावत निघाली होती, दोन दांडग्या मुली तिच्या अंगावर येत होत्या, आणि मला समोर ढळढळीत दिसलं की आता ती पडली तर तो पाय परत पहिल्यासारखा होणार नाही.

"सर," मी म्हटलं, "मी खोटं सांगितलं. तिच्या गुडघ्यात कळ येते. पाय सुटतो म्हणाली होती."

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं नाही. लगेच हात वर केला आणि बदली खेळाडू मागितली. दहाच मिनिटं उरली होती. आमच्या मुली अवाक झाल्या. पाहुण्यांच्या मंडपात बसलेले सचिव उठून उभे राहिले. ती लंगडत बाहेर आली, तेव्हा सरांनी तिला आधार देऊन खाली बसवलं, स्वतःच्या हाताने तिचा बूट काढला आणि गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून बसले. उरलेला खेळ त्यांनी जवळजवळ पाहिलाच नाही. शेवटच्या मिनिटांत आमच्यावर गोल झाला.

तिला घेऊन आम्ही जीपने शहापूरला डॉक्टरांकडे आलो. तिचा बाप पुढे बसला होता, मांडीवर तिचे बूट घेऊन. डॉक्टरांनी एक्स-रे काढायला लावला, मग हाताने गुडघा तपासला. गुडघ्यातलं लिगामेंट ताणलं गेलं होतं, तुटलं नव्हतं. दोन महिने खेळ बंद. आणखी थोडा वेळ खेळली असती तर ऑपरेशनवर गेलं असतं, असं ते म्हणाले. हे मी सरांना इंग्रजीत सांगितलं, एक शब्दही न गाळता.

बाहेरच्या बाकावर त्यांनी विचारलं, "ती नेमकं काय म्हणाली होती? तिच्या शब्दांत."

मी सांगितलं. 

"मला कुठल्याच देशाची भाषा धड आली नाही," मग ते म्हणाले. "प्रत्येक ठिकाणी एका माणसाच्या तोंडावर विसंबून मी काम केलंय. असं माझ्याशी आजवर कुणी केलं नव्हतं."

 पुढचे तीन दिवस ते मैदानावर हातवारे करून शिकवत राहिले. मला एक शब्दही सांगायला लावला नाही. मुली मला विचारायच्या, "बाई, सर रागावलेत का?" मी त्यांना सरावाची रंगीत जाकिटं मोजायला पाठवायचे.

चौथ्या दिवशी सचिवांनी बोलावलं. "यांना विचारा," ते मला म्हणाले, "दहा मिनिटं राहिली असताना चांगली पोर बाहेर का काढली?"

मी विचारलं. सर शांतपणे म्हणाले, "मला ती लंगडताना दिसली."

त्यांनी एवढंच सांगितलं. माझं नाव कुठेच नव्हतं. ते वाक्य मराठीत सांगून मी गप्प बसले असते तर विषय तिथेच संपला असता. सचिव वाट बघत होते. 

मी म्हटलं, "सर म्हणतात, ती लंगडताना दिसली. पण ते तसं नाय. मध्यंतरात तिनं दुखतं म्हणून सांगितलं होतं, सरांना मीच चुकीचं सांगितलं. आधी कळलं असतं तर त्यांनी तिला आत पाठवलीच नसती, आणि दुसरी मुलगी पूर्ण हाफ खेळली असती. चूक माझी आहे."

सचिव बराच वेळ समोरच्या कागदावर बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "लेखी द्या."

बाहेर आल्यावर सर म्हणाले, "मी तर थोडंसंच बोललो. तू खूप वेळ बोललीस."

"हो."

"काय सांगितलंस?"

मी सगळं सांगितलं. ते व्हरांड्याच्या पायरीवर बसले, कपाळ चोळलं आणि म्हणाले, "उद्या सकाळी सरावाला वेळेवर ये. मुलींना माझे हातवारे कळत नाहीत."

त्यांचा करार वाढला नाही. माझ्या कबुलीने त्यात फरक पडला नाही, फक्त माझ्या फाइलीत मेमो लागला. मार्चअखेर ते गेले. आता कुठल्याशा बेटावर बारा वर्षांखालच्या मुलांना शिकवतात. कधीतरी मैदानाचा फोटो पाठवतात, खाली काही लिहीत नाहीत. संघ मोडला नाही. तो मी चालवते, पगार तोच.

ती मुलगी पावसाळ्यानंतर पुन्हा खेळायला लागली. वेग थोडा कमी झालाय, नजर वाढलीय. एकदा सराव झाल्यावर मी तिला त्या दिवसाचं सगळं सांगितलं, कारण सरांना मी काय सांगितलं ते तिला तोवर ठाऊकच नव्हतं.

ती बुटाची नाडी सोडत होती. म्हणाली, "बाई, मलाबी खेलायचाच होता. बाबा आलेला ना."

तिने ते मला बरं वाटावं म्हणून म्हटलं, की खरंच तसं होतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी तिला विचारलंही नाही.