पेरूज, बायोडाटा आणि एक बिबट्या

आमच्या धनज गावात इंग्रजीच्या डिक्शनऱ्या दोनच. एक माझ्याकडे, दुसरी पिठाच्या गिरणीत मोटारीखाली टेकू म्हणून लावलेली. गावाला जास्त उपयोग दुसरीचा होतो, हे मी चौतीस वर्षं इंग्रजी शिकवून मोकळेपणानं कबूल करतो.

तर बहिणीचा मुलगा लग्नाचा बायोडाटा घेऊन माझ्याकडे आला. वय बत्तीस, सोयाबीन करतो, अकरा स्थळांनी नकार दिलेला.

"मामा, यावेळी नाई जमलं तं मी पुण्याले वॉचमन म्हणून जातो. वावर तुमी पाहा," तो म्हणाला. "अन् वरती काहीतरी इंग्रजीत लिहा. वजन पडते."

मी वर लिहिलं, 'फॉर युवर काइंड पेरूजल'.

"म्हंजे?"

मला तेवढंच हवं होतं. साहेबलोकांसकट सगळ्यांना वाटतं, पेरूज म्हणजे कागदावर उडती नजर टाकणं. बरोबर उलटं. पेरूज म्हणजे शब्द न् शब्द वाचणं. माझी डिक्शनरी तर म्हणते, शब्दाच्या पोटात 'यूज' बसलेला आहे आणि त्याच्या पुढ्यात 'पर', म्हणजे पार शेवटापर्यंत. कैक शतकांपूर्वी इंग्रज वस्तू पेरूज करायचे, म्हणजे वापरून वापरून झिजवायचे. मग त्यांनी तोच उद्योग कागदावर सुरू केला.

"अकरा घरी कोनं झिजवला नाई," भाचा म्हणाला. "शेती वाचलं का ठेवला."

खोटं नव्हतं. आमच्याकडे मुलीचा बाप मोबाइलवर बायोडाटा उघडतो, 'नोकरी' हा शब्द शोधतो आणि सापडला नाही की जोडलेले हात पाठवतो. एकानं तर पावणेदोन सेकंदांत जोडले. मी घड्याळ लावून बसलो होतो.

तेव्हा मी ठरवलं, हे लोक वाचतात की नाही ते बघूच. छंदाच्या रकान्यात लिहिलं, 'क्रिकेट, भजन आणि पाळलेल्या बिबट्यावर बसून वावरात फेरफटका'. हात सुटलाच होता म्हणून चार एकरांचे अठराही करून टाकले. भाच्यानं तो कागद स्वतः न वाचता सात घरी पाठवला.

सहा ठिकाणांहून हात आले. बिबट्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. सातव्या, रिसोडच्या घरून निरोप आला, या.

मुलगी औषधाच्या दुकानात कामाला. पोहे झाले, चहा झाला आणि तिनं तो बायोडाटा बाहेर काढला. छापून घेतलेला, चार घड्या पडलेला, घडीवर भोकं, कोपऱ्यात तेलाचा डाग.

"बिबट्या कुठी बांधता?" तिनं भाच्याला विचारलं.

"कोनता बिबट्या?"

तिनं ओळीवर बोट ठेवलं. भाच्यानं आपला बायोडाटा जन्मात पहिल्यांदा वाचला आणि माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याची पाती मोजत होतो.

"अन् वावर अठरा एकर?"

बहीण डोळ्यांनी 'हो म्हण' सांगत होती. पोरगं मान खाली घालून म्हणालं, "चार. बाकी मामाची कलाकारी हाये."

"मले वाटलंच. अठरा एकरवाला ट्रॅक्टरवर फिरन, बिबट्यावर कायले?"

तिचे वडील कानकोंडे झाले. "एवढं कोन वाचते बाई?"

"दुकानात बारीक अक्षर नाई वाचलं तं मानूस मरते, बाबा. हे तं जन्माचं हाये." मग भाच्याला म्हणाली, "दुसरा लिहून आना. सोताच्या हातानं. मामाजीले दाखवू नका."

पठ्ठ्यानं दीड पान लिहिलं. म्हणे विहीर एप्रिलात आटते हेसुद्धा लिहिलं. असं कुणी लिहितं का बायोडाट्यात? पण पुढच्या रविवारी तिकडूनच फोन आला आणि जमलं. पुण्यातलं कुठलंतरी गेट अजून वॉचमनविना उघडं पडलेलं असणार.

लग्नपत्रिकेचा मजकूर होणाऱ्या सूनबाईनंच लिहिला. प्रूफ माझ्या मोबाइलवर पाठवलं. 'मामाजी, पेरूज करून सांगा.' मी तेव्हा पारावर बिबट्याची हकिकत सांगत होतो, आणि तो बिबट्या एव्हाना घोड्याएवढा झाला होता. वर गणपती दिसला, खाली तारीख दिसली, मी अंगठा पाठवून दिला.

पाचशे पत्रिका छापून आल्या. तळाशी, जिथं बाळगोपाळ मामाच्या लग्नाला बोलावतात तिथं, बारीक अक्षरात छापलं होतं: 'विशेष सूचना : नवरदेवाच्या मामांनी सांगितलेल्या कोणत्याही आकड्याला चारनं भागून घ्यावे.'

मी मनाची समजूत घातली, पत्रिका कोण वाचतं इथं. पण परवा दळण घेऊन गेलो आणि गिरणीवाल्याला म्हटलं, बारा किलो आहे.

"म्हंजे तीन," तो म्हणाला, आणि वजन न करताच डबा रांगेत लावला.