मामीनं बांधलेली आमरी

मामी गेल्याचा फोन आला तेव्हा मी राहुरीला रोपवाटिकेत कामावर होते. मामेभाऊ एवढंच म्हणाला, "ताई, आई गेली... पन यंदाची फुलं पाह्यली तिनं." रडायच्या आधी मला हसूच आलं.

हौसामामी अकोले तालुक्यातल्या डोंगरातली. आमच्या घराण्यात कॉलेज शिकलेली मी पहिली, तेही वनस्पतिशास्त्र घेऊन. मामी लग्नाकार्यात माझी ओळखच करून द्यायची, "ही आमची झाडांची डाक्तरीन." तिकडे आंब्या-सादड्याच्या फांद्यांवर आमरी, म्हणजे रानातलं ऑर्किड, धरते. जांभळट फुलांचे घोस खाली लोंबतात. मामीच्या लग्नात तिच्या अंबाड्यात हीच फुलं होती. गावाच्या लेखी मात्र ते बांडगूळ, झाडाचा रस पिणारं. दिसलं की कोयत्यानं खरवडायचं. त्यात अलीकडे उन्हाळे असे तापायला लागले की खरवडण्यातून वाचलेली आमरीही फांदीवरच वाळू लागली. आपल्या डोळ्यांदेखत ती संपणार, हे मामीला सोसेना.

आमरी झाडावर नुसती बसते, त्याचं काही खात नाही, हे माझ्याकडून कळल्यावर तिनं खरवडलेली रोपं गोळा केली आणि ओढ्याकाठच्या सावलीतल्या आंब्याला लुगड्याच्या चिंध्यांनी बांधली. मामा सगळ्यांदेखत म्हणाला, "लोक शेळ्या पाळत्यात, ही बांडगुळं पाळतीय." पहिल्या साली मामीनं मायेनं मुळांना शेणकाला फासला. शेणानं वाढत नाही असंही काही असतं, हे तिला माहीतच नव्हतं! सगळी रोपं कुजली. मी फोनवर सांगितलं, हिच्या मुळांना वारा लागतो, शेण नाही. "मंग आधी सांगायचं व्हतं न्हवं," म्हणाली आणि पुन्हा चिंध्या फाडायला बसली.

या खेपेला मुळांनी साल धरली. चिंध्या कुजून गळाल्या, रोपं जागची हलली नाहीत. चार-दोन उन्हाळे गेले आणि आंबा फुलांनी लोंबला. मग काय, आल्यागेल्याला ओढ्यावर घेऊन जाणारा मामाच. गावानंही कोयता आवरला.

तेराव्यानंतर मी आणि मामा ओढ्यावर गेलो. शेजारच्या सादड्यावर बोटभर रोप दिसलं, इवली दोन पानं, मुळं सालीला घट्ट.

"ह्ये कुनी बांधलं?" मामानं विचारलं.

कुणीच नाही, म्हटलं. मामीच्या आमरीचं बी वाऱ्यानं आलं, आपसूक रुजलं.

मामानं डोक्याची टोपी काढली. रोपाकडे बघत म्हणाला, "जितली की गं तुझी मामी."