जंगली बदामाचा वास

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या मार्चमध्ये आम्ही बोळिंजला नव्याने राहायला आलो होतो. आठवड्यातच घराभोवती दुर्गंधी सुटली. रविवारी बहिणीला पाहायला सोपाऱ्याहून पाहुणे येणार होते. वडिलांनी संडास तीनदा साफ करून घेतला. वास हटेना. मग शेजाऱ्यांनी मागच्या अंगणातल्या जंगली बदामाकडे बोट दाखवले आणि झाड तोडायला एक माणूस बोलावला गेला.

तो ठेंगणा होता आणि सावकाश बोलत असे. कुऱ्हाड खाली ठेवून त्याने गळलेले एक तांबूस फूल उचलले, नाकाशी धरले आणि समाधानाने मान हलवली.

"फुलावरचं झाड मी तोडत नाय, नाना. फलं धरू द्या. बिया भाजून खा, शेंगदान्यावानी लागतात. सालीचा दोर पन व्हतो."

"अहो, पण रविवारी पाहुण्यांना वास येईल त्याचं काय?" वडील म्हणाले.

"झाड म्हैनाभर घान मारतं. मानसाचं तसं नाय."

तो निघून गेला. त्याचे नाव कोणी विचारले नाही.

रविवारी तो न बोलावता आला, धुतलेला सदरा घालून. पाहुण्यांचा टांगा फाटकाशी थांबताच त्याने मोठ्याने सांगितले, "वास झाडाचा हाय, घरातल्यांचा नाय!"

वडिलांनी डोळे मिटले. बहीण दाराआड गेली.

मुलाच्या वडिलांनी खाली उतरून दीर्घ श्वास घेतला.

"आमच्या दारात दोन आहेत," ते म्हणाले. "मला वाटलं, टांगेवाल्यानं परत घरीच आणलं."