बंद छत्री

आमच्या मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, निम्मी हयात सांगोल्याकडं मेंढ्यांमागं काढली. काठी हाकायला असते, टेकायला नाही, हे त्यांचं तिथूनच ठरलेलं मत.

मागच्या वर्षी जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये बाथरूमच्या दारात त्यांचा तोल गेला. नशिबानं मुका मार बसला. डॉक्टरांनी बजावलं, चालणं सोडू नका, पण काठीशिवाय चालू नका. पुन्हा पडलात तर खुबा मोडेल. माझ्या नवऱ्यानं त्याच संध्याकाळी चार पायांची काठी आणली आणि फर्मान काढलं, काठी नाही तर बाहेर जाणं नाही. मामांनी काठी कोपऱ्यात उभी केली आणि तिच्यावर टॉवेल वाळत घातला. बाहेर जाणं बंद झालं, जेवणही निम्म्यावर आलं. मला भीती वाटायला लागली की हा माणूस पडून नाही, बसून संपणार.

मग एकदा त्यांनी माळ्यावरची लांब दांड्याची छत्री मागितली. ऊन लई हाय, म्हणाले. सोलापुरात उन्हाला कोण नाही म्हणणार? छत्री टेकत टेकत ते बागेतल्या बाकापर्यंत जाऊन आले. पुढं त्यांना थंडीतही ऊन लागायचं, दिवस मावळल्यावरही लागायचं. नवऱ्याला मी डोळ्यांनीच गप्प केलं. बाकावरच्या त्यांच्या दोघा दोस्तांनाही तसंच ऊन लागतं, हे मला जरा उशिरा कळलं.

एका संध्याकाळी परतीच्या पावसानं गाठलं. गॅलरीतून बघते तर तिघं म्हातारे एकामागोमाग येतायत, नखशिखांत भिजलेले, आणि तिघांच्याही छत्र्या बंद. दारात निथळत उभ्या मामांवर नवरा ओरडला, हातात छत्री असून भिजलात कसे? मामा फरशीकडं बघत म्हणाले,

"उघडली असती तर टेकलो कशावर असतो रं?"

मला रडू आलं, ते मी टॉवेल आणायच्या निमित्तानं आत जाऊन उरकलं. टॉवेल अर्थातच काठीवर होता.

दुसऱ्या दिवशी मामांनी आपणहून काठी घेतली आणि मला म्हणाले, चल संगट, छत्री तू धर. मी मनातल्या मनात जिंकले. बागेच्या फाटकाशी त्यांनी काठी माझ्या हातात दिली, छत्री स्वतःकडं घेतली आणि बाकाकडं निघाले. दोस्तांच्या नजरा काठीवर.

"सूनबाईचा गुडघा धरलाय," मामांनी सांगून टाकलं.

माझे दोन्ही गुडघे ठणठणीत आहेत. तरी काय करणार, मी लंगडत बाकापर्यंत गेले. त्या दोघांतल्या कडेला बसलेल्या आजोबांनी काठी मागून घेतली, तिचे चारही पाय जमिनीवर दाबून बघितले, आणि हळूच विचारलं,

"कुटं मिळाली? आमच्या सूनबाईचा बी गुडघा दुखतोय."